जुन्या जीपला ब्रेक बूस्टर: आधी चाकं, मग बूस्टर

भोरहून वरंधा घाटाने महाडकडे उतरत होतो. भर पाऊस, मागे चार माणसं आणि सामान. माझ्या जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपचं ब्रेक पेडल तेव्हा इतकं जड होतं की वळणावर जवळजवळ उभं राहून दाबावं लागायचं. पायथ्याशी पोचलो तेव्हा उजवी मांडी थरथरत होती. घरी येताच ठरवलं, हिला बूस्टर बसवायचाच.

एका गॅरेजने दोन दिवसांत बसवूनही दिला. पेडल लोण्यासारखं मऊ झालं. तिसऱ्या दिवशी एक रिक्षा अचानक आडवी आली, मी ब्रेक मारला आणि जीप सरळ उजवीकडे, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर धावली. कशीबशी सावरली. चाक खोललं तर पुढच्या डाव्या लायनरवर (ब्रेक मारल्यावर ड्रमला आतून घासणारा थर) एक्सलचं तेल आलेलं. ते तेल आधीपासून तिथे होतं. बूस्टर नसताना ओढ थोडी जाणवायची, तिकडे मी दुर्लक्ष करायचो. बूस्टरने तीच ओढ कितीतरी पटींनी वाढवली होती.

म्हणून बूस्टरचं काम पहिल्यांदा करणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच असतं: बूस्टर पायाचा जोर वाढवतो, चाकाची पकड वाढवत नाही. चाकाशी जे चांगलं-वाईट असेल ते तो मोठं करून दाखवतो. या लेखात कामाचा जो क्रम दिलाय, तो त्याच क्रमाने करा. मी उलट्या क्रमाने केलं होतं.

बूस्टर नेमकं काय करतो

बूस्टर म्हणजे पत्र्याचा एक मोठा डबा. त्याच्या मधोमध रबराचा पडदा असतो. गाडी चालू असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते, म्हणजे दोन्हीकडे व्हॅक्यूम. पेडल दाबलं की पायाच्या बाजूचा वॉल्व्ह उघडतो आणि तिकडे बाहेरची हवा शिरते. एका बाजूला हवेचा दाब, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, त्यामुळे पडदा पुढे ढकलला जातो आणि मास्टर सिलिंडरच्या (पेडलने चालणारा, ब्रेकचं तेल पाइपात ढकलणारा पंप) पिस्टनवर पायाच्या जोडीला त्याचाही जोर येतो.

आकडे मांडून पाहिलं की गोष्ट डोक्यात बसते. बूस्टर नसलेल्या जीपमध्ये पेडलची तरफ साधारण ६ पट असते. पायाने ३० किलोचा जोर दिला तर मास्टरच्या पिस्टनवर १८० किलो येतो. मास्टरचं बोर, म्हणजे आतला व्यास, १ इंच किंवा २५.४ मिमी धरलं तर पिस्टनचं क्षेत्रफळ ५ चौरस सेंटीमीटरच्या किंचित वर भरतं. पाइपात दाब तयार होतो चौरस सेंटीमीटरला सुमारे ३५ किलो.

आता ८ इंची बूस्टर घ्या. पडद्याचं क्षेत्रफळ सव्वातीनशे चौरस सेंटीमीटरच्या आसपास. व्हॅक्यूम ६०० मिमी पाऱ्याएवढा मिळाला तर कागदावर साधारण २६० किलोचा जोर मिळतो. स्प्रिंग वगैरे वजा जाता प्रत्यक्षात त्याहून कमी, समजा २२०. बूस्टरसोबत पेडलची तरफ ४ पट ठेवतात, म्हणून पायाचे ३० किलो होतात १२०. एकूण ३४० किलो, आणि पाइपातला दाब ६५ च्या पुढे. तेवढ्याच पायात जवळजवळ दुप्पट दाब. शिवाय तरफ ६ वरून ४ वर आल्यामुळे पेडलचा प्रवासही कमी होतो.

जुनं ६ पटीचं पेडल तसंच ठेवून त्यापुढे बूस्टर लावला तर ब्रेक अंगावर येतो. नुसता बूट टेकला तरी चाकं अडकतात आणि खडबडीत वाटेवर पाय हलला की गाडी झटके खाते. त्यामुळे पेडल आणि बूस्टर एकाच गाडीचे असले तर निम्मं काम सोपं होतं.

पुष्कळ जण जीपला मोठे टायर घालतात, त्याचाही हिशोब इथेच येतो. मूळ टायर साडेअठ्ठावीस इंच उंचीचा धरला आणि त्या जागी ३१ इंची घातला तर तेवढ्याच ब्रेकमध्ये जमिनीवर मिळणारी रोधशक्ती सुमारे ८ टक्क्यांनी घटते, कारण चाकाची त्रिज्या वाढली. वजन वाढलं ते वेगळंच. “टायर बदलल्यापासून ब्रेक कमी लागतात” असं कोणी म्हणालं तर तो भास नसतो.

आधी चाकं

चारही ड्रम काढा. जुन्या जीपचा हँडब्रेक बहुधा ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो, हे जॅक लावण्याआधी लक्षात घ्या. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून उटी लावा आणि गाडी घोडीवर टेकवल्याशिवाय खाली हात घालू नका.

लायनर ओला, काळपट चकचकीत किंवा तेलकट दिसला तर तो पुसून वापरू नका. पेट्रोलने धुतला तरी आत मुरलेलं तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येतं. त्या एक्सलच्या दोन्ही बाजूंचे शू (लायनर बसवलेल्या लोखंडी कमानी) एकदम बदला आणि तेल कुठून आलं ते शोधा. मागे बहुधा एक्सलचं ऑइल सील गेलेलं असतं. पुढे नकलच्या (पुढचं चाक वळतं तो सांधा) आतलं सील गेलं की गिअर ऑइल नकलमध्ये भरतं आणि हळूहळू ड्रमपर्यंत पोचतं. माझं तेच झालं होतं.

व्हील सिलिंडरचं (चाकात तेलाच्या दाबाने शू ढकलणारा) रबरी टोपण उचलून बघा. आत ओल दिसली की सिलिंडर गळतोय. नुसतं किट टाकून भागवायचं असेल तर आतली भिंत नखाने चाचपा. खड्डे किंवा गंजाचे डाग लागले तर सिलिंडर नवा घ्या, कारण बूस्टरनंतर त्याला दुप्पट दाब झेलायचाय. तीन रबरी होजही नवे घ्या, म्हणजे पुढच्या दोन चाकांचे आणि मागच्या एक्सलवरचा एक. जुने होज बाहेरून ठीक दिसतात आणि आतून फुगलेले असतात.

ड्रम अंडाकृती झाला असेल तर ब्रेक मारताना पेडल पायाखाली उड्या मारतं. लेथवर ड्रम साफ करून घ्या, पण मूळ व्यासापेक्षा एकूण दीड मिलिमीटरहून जास्त कापू देऊ नका. पातळ झालेला ड्रम घाटात लवकर तापतो. तापून फाकला की पेडल खोल जातं. लायनरला रिबिट असतील तर त्यांच्या डोक्यावर किमान मिलिमीटरभर माल उरलेला हवा.

हे सगळं झाल्यावर शू ऍडजस्ट करा. मागच्या पत्र्यावरच्या एक्सेंट्रिक बोल्टने शू ड्रमला टेकेपर्यंत न्या, मग चाक हाताने मोकळं फिरेल एवढंच मागे आणा. मग ब्रेकच्या पाइपांतली हवा काढा (रीत पुढे दिलीय) आणि गाडी चालवून बघा. माझा अनुभव असा की एवढं नीट केल्यावर निम्म्या लोकांची बूस्टरची तक्रारच उरत नाही. तुमची उरली तर पुढे चला.

काय काय गोळा करायचं

पेडल कसं आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. जुन्या सीजे ३बी वळणाच्या जीपमध्ये पेडल फ्लोअरमधून वर येतं आणि मास्टर सिलिंडर पायाखाली चॅसिसला लागलेला असतो. नंतरच्या काही मॉडेलमध्ये पेडल वरून लटकतं आणि मास्टर फायरवॉलवर बोनेटच्या आत असतो. लटकतं पेडल असेल तर बोलेरोचा किंवा नंतरच्या जीपचा बूस्टर, मास्टर आणि पेडल असा पूर्ण सेट बसवणं सर्वांत सरळ.

फ्लोअरचं पेडल असेल तर तिथेच खाली ब्रॅकेट करून बूस्टर लावून देणारे आहेत. ऑफरोडला जाणाऱ्या गाडीसाठी मला ते पटत नाही. बूस्टर बाहेरची हवा आत ओढतो. तो चॅसिसवर असेल तर ओढा पार करताना त्याच्या तोंडाशी पाणी आणि चिखल येतो. पडदा आणि वॉल्व्ह दोन्ही त्याने खराब होतात. तेल भरायलाही फ्लोअरचं झाकण काढावं लागतं, म्हणून लोक तेल बघायचंच सोडून देतात. थोडा जास्त खर्च करून लटकत्या पेडलवर या. क्लचचं पेडलही तेव्हा बदलावं लागेल, ते आधीच हिशोबात धरा.

मास्टर सिलिंडर टँडमच घ्या. जुन्या जीपचा मास्टर सिंगल सर्किटचा असतो. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. टँडममध्ये पुढची आणि मागची चाकं वेगळी, एक गेलं तरी दुसरं उरतं. मला विचाराल तर बूस्टरपेक्षाही हा बदल मोठा आहे. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी टँडम मास्टर बसवा.

मास्टरचं बोर त्याच्या ओतकामावर बहुधा लिहिलेलं असतं. जास्त मोठं बोर घेण्याचा मोह टाळा. बोर वाढलं की पेडल कडक आणि आखूड होतं, पण दाब घटतो आणि बूस्टरने दिलेला फायदा मोठं बोर खाऊन टाकतं. चारही ड्रम असतील तर रेसिड्युअल वॉल्व्ह आहे की नाही विचारून घ्या. तो ड्रमच्या लाइनमध्ये थोडासा दाब राखून ठेवतो, त्यामुळे व्हील सिलिंडरचे रबर आपल्या जागेवर बसलेले राहतात. डिस्कच्या गाडीतून काढलेल्या मास्टरमध्ये पुढच्या लाइनला तो नसतो. पुढे ड्रम ठेवणार असाल तर वेगळा बसवावा लागेल. आणि पुढे डिस्क घालणार असाल तर ड्रमचा वॉल्व्ह त्या लाइनमधून काढा, नाहीतर पॅड सतत घासत राहतील.

मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बूस्टर स्वस्तात मिळतो. पेडल, ब्रॅकेट, लोखंडी सामान तिथून घ्यायला हरकत नाही. ज्याच्या आत रबर आहे ते मात्र नवंच घ्या: बूस्टर, मास्टर, होज, चेक वॉल्व्ह.

व्हॅक्यूम आणणार कुठून

पेट्रोल इंजिनमध्ये थ्रॉटल बंद असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होतो, तिथून नळी काढली की झालं. डिझेलमध्ये सहसा थ्रॉटल नसतो, म्हणून मॅनिफोल्डमधून कामाचा व्हॅक्यूम मिळत नाही. डिझेल जीपला व्हॅक्यूम पंप लागतोच. नवख्यांची सर्वांत जास्त फसगत होते ती इथे.

सोपा मार्ग म्हणजे मागे व्हॅक्यूम पंप जोडलेला अल्टरनेटर. तुमच्या इंजिनला चालणारा तसा अल्टरनेटर निवडताना दोन गोष्टी बघा. एक, पुलीची रेषा. बेल्ट तिरका चालला तर महिन्याभरात जातो. दोन, फिरण्याची दिशा. पंपाच्या पात्या एकाच दिशेने काम करतात.

पंपाला इंजिन ऑइल लागतं. ऑइल प्रेशर स्विच असतो तिथे टी-जोड घालून बारीक नळीने पंपाला ऑइल द्या. परतीची नळी मात्र जाड हवी, पंपापासून संपपर्यंत (इंजिनखालची ऑइलची टाकी) सतत उताराची, मध्ये कुठेही पोट न पडलेली. ती संपमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. खाली उघडली तर पंपातलं ऑइल परत जात नाही, पंप भरतो आणि ऑइल व्हॅक्यूमच्या नळीतून बूस्टरकडे जायला लागतं. बूस्टरचा पडदा ऑइलने फुगून मऊ पडतो. संपला निपल वेल्ड करायचा असेल तर संप खाली उतरवून, धुऊन, वेल्डिंगचा कण न कण काढूनच परत लावा. इंजिन पहिल्यांदा चालू करण्याआधी पंपात थोडं ऑइल हाताने ओता. कोरडा फिरलेला पंप लगेच खरवडतो.

व्हॅक्यूमची नळी त्याच कामाची, आत धागा असलेली घ्या. डिझेलची किंवा पाण्याची साधी नळी आतून चपटी होते आणि ते बाहेरून लक्षातही येत नाही. चेक वॉल्व्ह फुंकून तपासा: बूस्टरच्या बाजूने फुंकलं की हवा गेली पाहिजे, पंपाच्या बाजूने फुंकलं की अडली पाहिजे.

लडाखला जीप नेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बूस्टरचा जोर बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतो. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, तिथे फरक जाणवेल न जाणवेल एवढाच. पण ५,३५९ मीटरच्या खारदुंग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, आणि बूस्टरची मदतही त्याच प्रमाणात घटते. तिथे पेडल जड लागलं म्हणून बिघाड शोधत बसू नका. गिअर खाली घ्या.

बसवताना

जुन्या जीपची फायरवॉल पातळ पत्र्याची असते. तिच्यावर बूस्टर आणि मास्टरचं वजन आणि शेकडो किलोंचा जोर येणार. आतून-बाहेरून ३ ते ४ मिमी जाडीची प्लेट लावून बोल्ट त्या प्लेटमधून घ्या, आणि पेडलचा ब्रॅकेट वर डॅशच्या लोखंडालाही बांधा. मग मित्राला जोरात पेडल दाबायला सांगून बोनेटमधून बघा. मास्टर सिलिंडर पुढे-मागे हलताना दिसला तर पत्रा वाकतोय. हा वाकणारा पत्रा पेडलला स्पंजासारखा लागतो आणि लोक आठवडाभर हवा काढत बसतात.

जुन्या जीपला ब्रेक लाइटचा स्विच तेलाच्या दाबावर चालणारा असतो. टँडम लावताना तो काढून पेडलवर साधा मेकॅनिकल स्विच लावा. पेडल थोडंसं हलताच लाइट लागला पाहिजे.

आता पुशरॉड. या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

बूस्टरच्या पुढच्या तोंडातून निघणारा रॉड मास्टरच्या पिस्टनला ढकलतो. पेडल सोडलेलं असताना रॉडचं टोक आणि पिस्टन यांच्यात अर्धा ते एक मिलिमीटर फट हवी. फट जास्त झाली तर पेडल थोडं खोल जातं, एवढंच. फट नसेल किंवा रॉड पिस्टनला आधीच ढकलत असेल तर मात्र धोका आहे. मास्टरमध्ये टाकीकडे जाणारं एक बारीक भोक असतं. पिस्टन पूर्ण मागे आला तरच ते उघडतं. रॉड लांब असेल तर ते बंदच राहतं. ब्रेक तापले, तेल फुगलं की त्याला टाकीत परत जायला वाट नसते. दाब लाइनमध्येच अडकतो, शू ड्रमला चिकटतात, आणखी तापतात, आणखी चिकटतात. गाडी हळूहळू जड होत जाते आणि शेवटी रस्त्यातच चारही चाकं आवळून उभी राहते.

फट मोजायला रॉडच्या टोकावर मुलांच्या खेळायच्या रंगीत मातीचा छोटा गोळा लावा, मास्टर बोल्टने नीट बसवा आणि पुन्हा काढा. मातीचा उरलेला थर व्हर्निअरने मोजा. ती तुमची फट. रॉडच्या टोकाला ऍडजस्ट करायचा नट असतो, तो फिरवून जुळवा. दोनदा मोजा, मग माती पूर्ण पुसा. गाडी रस्त्यावर असताना ब्रेक आवळले आणि हा दोष आहे का कळेना, तर मास्टरचे बूस्टरवरचे दोन नट दोन-तीन फेरे सैल करा. चाकं लगेच सुटली तर रॉड लांब आहे.

पाइप आणि हवा

जुन्या जीपचे ब्रेक पाइप ३/१६ इंची असतात आणि त्यांचे नट इंचाच्या आट्याचे. नव्या गाडीच्या मास्टरचे पोर्ट बहुधा १० मिमीचे, १ मिमी आट्याचे. दोन्ही नट हातात सारखेच वाटतात, एकमेकांत दोन-तीन आटे जातातही. मग पान्याने जोर दिला की मास्टरचे आटे कापले जातात आणि नवा मास्टर वाया जातो. पाइपच्या टोकाचा आकारही वेगळा असतो, जुन्याचं डबल फ्लेअर आतून नरसाळ्यासारखं, नव्याचं बाहेरून बुडबुड्यासारखं. एकाच्या जागी दुसरं लावलं तर आज गळणार नाही, घाटात गळेल. ब्रेक पाइप करणाऱ्याकडे मास्टर आणि जुना पाइप दोन्ही घेऊन जा आणि एका टोकाला जुना, एका टोकाला नवा नट घालून स्टीलचा पाइप करून घ्या. तांब्याचा नरम पाइप नको, कॉम्प्रेशनचे जोड नकोत.

तेल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट ४ चा उकळणबिंदू किमान २३० अंश असतो, ओल धरल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. उकळलेल्या तेलात वाफ होते आणि वाफ दबते, म्हणून पेडल एकदम फ्लोअरला जातं. सहा महिन्यांपूर्वी उघडलेला अर्धा डबा वापरू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

मास्टर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये आडवा धरून त्याची हवा काढा. दोन्ही पोर्टना छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं टाकीतल्या तेलात बुडवा आणि पिस्टन हळूहळू दाबा, बुडबुडे थांबेपर्यंत. हे टाळलं तर टँडममधली हवा नंतर चाकावरून निघता निघत नाही.

मग गाडीवर, इंजिन बंद ठेवून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मास्टरपासून लांबच्या चाकाने सुरुवात. चाकामागच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या तेलात. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. जुनं काळं तेल पूर्ण जाऊन स्वच्छ तेल येईपर्यंत चालू ठेवा.

चाचणी

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे उरलेला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली स्वतःहून थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर व्हॅक्यूम पोचत नाहीये. नंतर मिनिटभर इंजिन चालू ठेवून बंद करा. पुढचे दोन-तीन दाब हलके लागले पाहिजेत. पहिलाच कडक लागला तर चेक वॉल्व्ह किंवा नळी गळतेय. पेडल धरून ठेवलं असताना पायाशी सतत सूं आवाज येत असेल तर पडदा किंवा वॉल्व्ह खराब. आणि कडक दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर रस्त्यावर जाऊच नका. तेल बाहेर गळतंय किंवा मास्टरच्या आतून सुटतंय.

पहिली फेरी मोकळ्या मैदानात. ताशी १०, मग २०, मग ४०. स्टिअरिंग हलकं धरून बघा, गाडी कुठे ओढते का. मग दहा किलोमीटर फारसा ब्रेक न मारता चालवून या आणि चारही ड्रमजवळ हात न्या. एकच तापलं असेल तर त्या चाकाचं ऍडजस्टमेंट घट्ट आहे. चारही तापली असतील तर पुशरॉडकडे परत जा.

यानंतर ओल्या मैदानात कचकन ब्रेक मारून बघा, मित्राला बाहेर उभं करून. आखूड व्हीलबेसची जीप (सीजे ३बी चा व्हीलबेस जेमतेम ८० इंच) ब्रेकला पुढे झुकते, मागचा भाग हलका होतो आणि मागची चाकं आधी अडकली तर गाडी जागेवर फिरते. पायात जोर नसताना हे कधी दिसत नाही, बूस्टर लावल्यावर दिसतं. मागची चाकं आधी अडकत असतील तर मागच्या लाइनमध्ये प्रपोर्शनिंग वॉल्व्ह लावून दाब कमी करा. पुढची जरा आधी अडकेपर्यंत जुळवत राहा.

चढावर इंजिन बंद पडलं तर

बूस्टर बसवल्यावर ऑफरोड चालवण्याची एक सवय बदलावी लागते. तीव्र चढावर इंजिन बंद पडलं की पंप थांबतो. तुमच्याकडे बूस्टरमध्ये साठलेले दोन-तीन दाब उरतात. घाबरून पेडल पंप केलं की ते संपतात आणि पेडल दगडासारखं होतं. म्हणून एकदाच दाबा आणि धरून ठेवा, सोडू नका. फोर-व्हील लोमध्ये रिव्हर्स गिअर टाका, क्लच सोडा, मग इंजिन चालू करून ब्रेक हळू सैल करत रिव्हर्समध्येच सरळ खाली या. ही कसरत आधी छोट्या चढावर चार वेळा मुद्दाम करून पायात बसवा. त्याच कारणाने घाटात इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची नाही. बूस्टर आल्यामुळे ड्रम कमी तापत नाहीत, उतारावर गिअरच धरून ठेवतो.

ओढ्यातून बाहेर आल्यावर शंभर-दोनशे मीटर हलका ब्रेक धरून चालवा म्हणजे ड्रममधलं पाणी वाळेल. बूस्टरमुळे पेडल नेहमीसारखं मऊ लागतं, त्यावरून ब्रेक लागतोय असं समजू नका.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. बूस्टर बसवण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. खाजगी जीपची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी फिटनेस बघितला जातो. तेव्हा सुट्या भागांची बिलं दाखवता आली तर बरं पडतं. सगळी बिलं एका पाकिटात ठेवा.

पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा एकदा बोनेट उघडा. फायरवॉलचे बोल्ट आणि ब्रॅकेट कसा. शू पुन्हा ऍडजस्ट करा, नवे लायनर एव्हाना बसलेले असतात. व्हॅक्यूमची नळी बूस्टरकडून काढून आत बोट घाला. ऑइल लागलं तर पंपाची परतीची नळी कुठेतरी अडतेय. शेवटी मास्टर आणि बूस्टरच्या जोडाच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. ओल लागली तर मास्टरचं मागचं सील गळतंय आणि तेल बूस्टरच्या पडद्याकडे चाललंय. टाकीतली पातळी बघून हे लवकर कळत नाही, बोटाला मात्र पहिल्याच दिवशी कळतं.